खेकड्यावरून निघालेला शब्द

वडशाजवळच्या आमच्या गावात इंग्रजी शब्दावरून हरखून जाणारी मी एकटीच असेन. त्या दिवशी मोबाइलवर ‘क्रॅबी’ या शब्दाचं मूळ वाचलं आणि मला घरात बसवेना. क्रॅबी म्हणजे चिडका, तिरसट माणूस, आणि हा शब्द निघाला चक्क खेकड्यावरून! शेकडो वर्षांपूर्वी तिकडच्या लोकांनी त्याची तिरपी चाल पाहिली, नांगीचा चिमटा खाल्ला आणि रागीट माणसाला त्याचंच नाव चिकटवून टाकलं. म्हणजे तेही आमच्यासारखेच चिखलात उतरणारे लोक. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

नवरा घुग्घुसच्या खाणीत, आठवड्याने घरी येणारा. सांगायला उरल्या सासूबाई, आणि त्या धानाच्या बांधीत खेकडे धरायला गेलेल्या. गेला महिनाभर त्यांचा पारा चढलेलाच होता. मला बी.एड.साठी दोन वर्षं नागपूरला होस्टेलवर राहायचं होतं. फॉर्म भरून तयार होता, मुदत संपायला चार दिवस उरले होते, पण त्यांना विचारायची माझी छाती होत नव्हती.

बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, उभं राहून मी शब्दाची सगळी कथा एका दमात सांगून टाकली. बिळात कोपरापर्यंत हात घातलेल्या सासूबाई म्हणाल्या, “म्हंजे माह्यासारख्यायसाठी तिकडंबी शब्द हाय.”

“तसं नाही हो, बाई,” मी घाईने म्हटलं. तेवढ्यात त्यांनी हात बाहेर काढला. बोटाला खेकडी लटकलेली, रक्त आलेलं. त्यांनी तिला शांतपणे उलटी केली. पोटाखाली मोहरीएवढी पिल्लं वळवळत होती. पिल्लांची खेकडी आमच्याकडे घरी आणत नाहीत. त्यांनी तिला बिळाच्या तोंडाशी सोडून दिलं.

“इले रागीट म्हनतेत? आपलं कोनी घेऊन जाईन म्हनून चावते बिचारी.”

मग बोट पदराला पुसत त्या म्हणाल्या, “तुहा फारम पाह्यला मी. वाचता नाई येत मले, पन फोटो चिकटवला म्हंजे तू कुठीतरी जाशीन, एवढं समजते. तवापासून चावून राह्यलो तुले.”

“बाई, शिक्षिका व्हायला दोन वर्षं नागपूरला जायचं आहे. पण तुम्ही नको म्हणाल तर नाही जाणार,” मी म्हटलं.

“जा,” त्या म्हणाल्या. “पन फोटो दुसरा काढ. असं भेलेलं तोंड पाहून पोरं आयकतीन काय तुहं?”