ओट्याजवळचा उजेड

"तुमच्याकडे उजेड कुठून येतो हो?" कुणाच्याही घरी गेल्या की वहिनी आधी हे विचारत. पाणी नको, चहा नको. घरची बाई बिचारी खुर्चीवरचे कपडे उचलत असायची आणि ह्या थेट स्वयंपाकघरात जाऊन खिडकीकडे बघत उभ्या.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल. चाळिशी उलटल्यावर तिला काहीतरी शिकायची हुक्की येते आणि लोक तोंडावर पदर घेऊन हसतात. ह्या वहिनी भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये माझ्या शेजारी राहायच्या आणि कारखान्याच्या ऑफिसात माझ्याच टेबलासमोर बसायच्या. मुलगा नागपूरला शिकायला गेला, त्याचा कॅमेरा घरी पडून होता. एका रविवारी त्यांनी तो हातात घेतला तो घेतलाच. शिकवायला कोणी नाही. ओट्यावर पितळी तांब्या ठेवायचा, सकाळी एक फोटो, दुपारी एक, दिवे लागताना एक. जवळच्या सोनागिरी वस्तीतल्या स्टुडिओवाल्याने रोल धुतला आणि त्याला राहवेना.

"भाभीजी, लोटे की शादी थी क्या?"

"शादी नहीं भैया, अभी जान-पहचान चल रही है."

तांब्याशी ओळख झाल्यावर त्या माणसांकडे वळल्या. माणसं म्हणजे आम्ही बायका, आणि त्याही स्वयंपाकघरातल्या. मी ठेवणीतली साडी नेसून बसले होते, ती त्यांनी बदलायला लावली. "बाहेरच्या खोलीत तुम्ही सगळ्या पाहुण्या वाटता," म्हणाल्या. कणीक मळताना काढलेला माझा तो फोटो मी पाहिला आणि मला माझी आई आठवली. मी रडले, खोटं कशाला बोलू.

चुकाही केल्या त्यांनी. टाउनशिपमध्ये सगळ्या क्वार्टरचा नकाशा एकच. लाइट गेली तरी कुणाच्याही घरात आपण न धडपडता मोरीपर्यंत जातो. वहिनी त्यावरच विसंबल्या. आपल्या ओट्यावर सकाळी ऊन येतं म्हणून समोरच्या रांगेतही सकाळीच गेल्या आणि कॅमेऱ्याचे आकडे घरच्यासारखेच ठेवले. समोरची रांग उलटी बांधलेली, खिडकी मावळतीला. त्या रांगेतल्या पहिल्याच घरात मराठी मंडळाचे सचिव राहायचे. त्यांच्या बायकोच्या जागी फोटोत नुसता काळोख आला. वहिनी ऑफिसातून रजा टाकून दुपारी परत गेल्या आणि पुन्हा फोटो काढला. उजेडाचा तो प्रश्न त्यांनी तेव्हापासून धरला.

मंडळाच्या गणेशोत्सवात हॉलमध्ये त्यांचे फोटो लावायचं ठरलं. हे सचिवांनीच सुचवलं होतं. "आपल्या माणसाचं कौतुक आपण नाही करायचं तर कुणी?" असं चार लोकांत म्हणाले होते. वहिनींनी वर्षभर दुसरं काही केलं नाही. मोठे फोटो करून घेतले, यजमानांनी घरीच चौकटी ठोकल्या. भिंतीवर आपलं काम एकदा लागावं, लोकांनी उभं राहून बघावं, एवढंच त्यांना हवं होतं.

उद्घाटनाच्या दुपारी सचिव आले आणि भिंत बघून थबकले. त्यांनी फोटो आधी पाहिलेच नव्हते.

"हे काय? गाऊन, विस्कटलेले केस? साहेबांच्या मिसेस येणार आहेत आज. आमच्या बायकांचे असले अवतार लावता?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "ह्याच अवतारात रोज वाढतात ना तुम्हाला? तेव्हा जेवण जातं घशाखाली?" मी म्हणाले.

त्यांची बायको तिथेच समया पुसत होती. ती हळूच म्हणाली, "राहू द्या ना. मला आवडलाय माझा."

"तू मध्ये बोलू नकोस."

वहिनींनी एकेक चौकट स्वतः उतरवली. त्याच खिळ्यांवर ऑफिसातल्या जुन्या कॅलेंडरांवरची धबधब्यांची चित्रं लागली. आणि निर्लज्जपणा बघा, निघताना सचिव म्हणतात, "समारंभाचे फोटो मात्र तुम्हीच काढा हं, वहिनी."

"माझा रोल संपलाय," वहिनी म्हणाल्या. रोल नवा होता, मी स्वतः पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येकीचा फोटो जिच्या तिच्या घरी नेऊन दिला. पुढेही फोटो काढत राहिल्या, पण लावायचं नाव कधी काढलं नाही. रिटायर होऊन नागपूरला मुलाकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. पेपरात दोन ओळीही आल्या नाहीत.

परवा सचिवांची बायको गेली. मी भेटायला गेले. टेबलावर हार घातलेला फोटो होता तो वहिनींनी काढलेला. तोच गाऊन, तेच केस, आणि गालावर दुपारचं ऊन.

"अल्बम भरलेत घरात," सचिव म्हणाले. "पण एकातही ती तिच्यासारखी दिसत नाही. हा तिने साड्यांखाली ठेवला होता. वहिनींना एकदा सांगायचं होतं. नंबर आहे का त्यांचा?"

"त्या गेल्या," मी म्हटलं.

ते मग उठले. हाराखाली बायकोचे पोळी लाटणारे हात झाकले गेले होते, ते दिसावेत म्हणून त्यांनी हार वर सरकवला. माणूस एकटा पडलाय, कीव आली. पण राग गेला नाही माझा. हेच त्या दुपारी हॉलमध्ये, दोघीही समोर उभ्या असताना करायला काय धाड भरली होती?