अर्धी काच

"काय मामा, कसं चाललंय?" असं कुणी विचारायचा अवकाश, उत्तर तयार असायचं. "लई बेस." हे म्हणताना ते उजवा तळवा हवेत आडवा फिरवत, एखादी चादर सारखी करावी तसा. चादरीखाली काय आहे ते बघायची मग कुणाला इच्छा होत नसे. मलाही झाली नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे, आणि फार हळू लिहितो आहे.

तुम्ही जिथे काम करता तिथेही असा एखादा माणूस असेल. तो आला की खोलीतली माणसं जरा सैल होतात. त्याच्याबद्दल वाईट बोलणारा शोधून सापडत नाही. आमच्या वाळूजच्या कारखान्यात ते मामा होते. पुठ्ठ्याची खोकी बनवणारा मध्यम कारखाना. पुठ्ठा चिकटवायला वाफ लागते, आणि वाफेसाठी बॉयलर. मामा पहिल्या पाळीला तो चालवत. मी कार्यालयात कागद सांभाळतो. सगळ्या खात्यांची रजिस्टरं दर शनिवारी माझ्याकडे येतात. मी ती वाचतो, सही करतो आणि कपाटात लावतो. टेबलाच्या खणात नेहमी एखादं पुस्तक असे, म्हणून मामा मला मास्तर म्हणत. मी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही.

मामा चितेगावच्या पलीकडच्या एका खेड्यातून मोटारसायकलवर येत. शेती भाऊ बघायचा. आल्या आल्या थेट बॉयलरखोलीत न जाता ते आधी सगळीकडे एक फेरी मारत. फाटकावरच्या रखवालदाराच्या गुडघ्याची चौकशी, छपाईवाल्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी. कॅन्टीनवाला आणि बांधणीखात्याची पोरं महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हती, कारण कुणीतरी वरणाला पाणी म्हटलं होतं. मामांनी एक दिवस दोघांना एका बाकावर बसवलं आणि स्वतः मधे बसून दोन वाट्या वरण प्यायले. "पाणी न्हाई हो हे," ते म्हणाले, "पाणी एवढं महाग असतंय व्हय सध्या?" सगळे हसले, आणि भांडण मिटलं.

पाणी खरोखरच महाग होतं. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. पैठणच्या धरणाचा तळ दिसू लागला होता. गारखेड्यात आमच्या कॉलनीत नळ आठ दिवसांनी यायचा, आणि त्याच कॉलनीच्या मागे सात मजल्यांच्या दोन नव्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यांच्या फलकावर पोहण्याचा तलाव रंगवलेला होता. सकाळी कंपनीच्या बसमधून जाताना टँकरच्या रांगा दिसत. कारखान्यांचं पाणी आधी निम्म्यावर आणलं गेलं, मग त्याहून कमी झालं. आमचा कारखाना बोअरच्या पाण्याच्या टँकरवर चालू लागला. टँकरवाल्यांची तेव्हा मिजास असे. पण आमचा टँकर कधी चुकला नाही, कारण मामा ड्रायव्हरला सावलीत बसवून चहा पाजत आणि त्याच्या बायकोच्या दुखण्यावर कोण डॉक्टर चांगला ते सांगत. शेजारचे दोन कारखाने त्या उन्हाळ्यात काही दिवस बंद राहिले. आम्ही एकही दिवस नाही.

मग एक दिवस पुण्याहून एक तरुण व्याख्याते आले. कामावर मन प्रसन्न कसं ठेवावं, सहकाऱ्यांशी नातं कसं जोडावं, असा विषय होता. त्यांनी टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला आणि विचारलं, हा अर्धा भरलेला आहे की अर्धा रिकामा? मागून कुणीतरी विचारलं की ह्यो बोअरचा का बिसलेरीचा. व्याख्यात्यांनी हसून मामांकडे बोट केलं.

मामा उभे राहिले. "आमच्याकडं साहेब, अर्धी म्हंजे बरोबर," ते म्हणाले.

व्याख्यात्यांना ते समजलं नाही, पण आम्हाला समजलं आणि आम्ही खूप हसलो. त्या दिवशी मामांना टाळ्यांच्या गजरात एक प्रशस्तिपत्र मिळालं. तो हशा मला अजून ऐकू येतो. आम्ही कशाला हसलो, ते सांगायला हवं.

बॉयलरच्या पोटात पाणी किती आहे ते बाहेरून दिसत नाही. ते कळावं म्हणून त्याच्या अंगाला काचेची एक उभी नळी बसवलेली असते. आत जेवढं पाणी, तेवढं काचेत. ते अर्ध्या काचेवर असावं. फार खाली गेलं आणि जाळ चालूच राहिला तर आतलं लोखंड तापतं आणि फाटतं. पण बोअरच्या पाण्यात क्षार फार. ते काचेला बॉयलरशी जोडणाऱ्या भोकांशी साठतात, भोकं बुजतात, आणि मग काचेतलं पाणी जिथल्या तिथे उभं राहतं. आत काहीही असो, काच अर्धी दिसते. म्हणून दर पाळीला तोटी सोडून काच धुवायची असते, आणि बॉयलरच्या तळाचं गढूळ पाणीही सोडून द्यायचं असतं. ते सगळं पाणी गटारात जातं.

त्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की एक थेंबही वाया जाता कामा नये. बॉयलरवाल्यांकडे बघून ते म्हणाले, धुणं-सोडणं जरा बेताने. लेखी काहीच नव्हतं. मामा म्हणाले, "करतो साहेब, जमवून घेऊ." तळवा आडवा फिरला.

दुसऱ्या पाळीचा बॉयलरवाला तरुण होता, ठेकेदाराकडचा, नुकतं लग्न झालेला. त्याने बेताने म्हणजे अजिबात नाही असा अर्थ घेतला. मामांना सकाळी काच बुजलेली सापडू लागली. नियम असा की हे रजिस्टरात लिहायचं. मामांनी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ठेकेदाराने त्या पोराला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. मामांनी त्याला पाळी बदलताना बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि गोडीने समजावलं. मग रोज सकाळी स्वतः तारेने भोकं मोकळी करत राहिले, जमेल तेवढ्या कमी पाण्यात. दुपारपर्यंत ती पुन्हा बुजत. ती तार आपल्याला दाखवल्याचं छपाईवाल्याने मला नंतर सांगितलं. दाखवून मामा हसले होते म्हणे.

मला मात्र ते आधीच कळलं होतं, कागदावरून. पूर्वी मामांच्या रजिस्टरात दर तासाला थोडा फरक असायचा. अर्ध्याच्या जरा वर, जरा खाली, पंप चालू केला, पुन्हा वर. त्या चैत्रात तीन आठवडे एकच नोंद होती. अर्धी काच. अर्धी काच. अर्धी काच. वळणदार, स्वच्छ अक्षर. खाली शेरा: सर्व ठीक. एकाच बैठकीत लिहिल्यासारखी पानं होती ती. जिवंत पाणी असं राहत नाही.

मी शनिवारी दुपारी रजिस्टर घेऊन बॉयलरखोलीत गेलो. भट्टीच्या उष्णतेत मामा स्टुलावर बसून भाकरी खात होते. त्यांनी अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. मी पान उघडून दाखवलं आणि विचारलं, हे खरं आहे का?

त्यांनी भाकरी खाली ठेवली. "मास्तर," ते म्हणाले, "लिहिलं की माणूस तुटतंय. त्या पोराचं नाव लिहू का मॅनेजरचं लिहू?"

"नाव नका लिहू. काच बुजते एवढंच लिहा."

"मग वरून विचारणार, कशानं बुजते. आलंच की नाव." त्यांनी हात धुतले, तेही अगदी थोड्या पाण्यात. "पाऊस येऊ द्या. दोन महिन्यांचा सवाल हाय. मी हाय ना इथं. काचेवर माझा भरवसा न्हाई, कान हायेत मला. बॉयलर बोलतंय माझ्याशी."

मी म्हणालो की निदान मी माझ्या टिपणात तसं लिहून वर पाठवतो. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही; एखाद्याने भर पंगतीतून उठून जावं तेव्हा आपण पाहतो तसं.

मी टिपण पाठवलं नाही. कारण सांगतो. त्याआधी दोन महिने माझे वडील गेले होते. दहाव्या-तेराव्याला घरात पंधरा पाहुणे आणि नळाला पाणी नाही. मी कुणाला काही बोललो नव्हतो. सकाळी दारात टँकर उभा, आणि ड्रायव्हर सांगत होता की मामांनी पाठवलंय. ते स्वतः आले नाहीत, नंतर त्याचा उल्लेखही केला नाही. अशा माणसाविरुद्ध कागद कसा लिहायचा? कारखान्यात प्रत्येकाजवळ मामांचा असा एकेक टँकर होता. त्यामुळे जे कुणी बोलू शकलं असतं, ते कुणीच बोललं नाही.

नंतरच्या तीन शनिवारी मी ती पानं वाचली आणि सही केली. दर वेळी कपाट बंद करताना वाटायचं, खाली जावं. दर वेळी खालून मामांचा हसण्याचा आवाज यायचा आणि मी बसून राहायचो.

वैशाखातल्या एका मंगळवारी, दुपारी दोनच्या सुमारास, पाळी सुटायला थोडा वेळ होता. बॉयलरखोलीच्या सावलीला दोन हमाल टेकले होते. त्यांनीच नंतर सांगितलं. मामा बाहेर आले, क्षणभर मान वाकडी करून ऐकत उभे राहिले. मग दोघांना म्हणाले, "जा रे, च्या पिऊन या." एक जण म्हणाला, आत्ताच घेतला. "परत घ्या म्हनलं ना." इतक्या वर्षांत मामा कुणावर ओरडलेले त्यांनी ऐकलं नव्हतं, म्हणून ते उठले. मामा जाळ बंद करायला आत गेले. हमाल कॅन्टीनपर्यंतही पोचले नव्हते.

आवाज फार मोठा नव्हता. जाड कापड फाडावं तसा. मग वाफेचा लोट, आणि त्यानंतर यंत्रं एकामागून एक थांबत गेली तेव्हाची ती शांतता. मी जिन्यावर उभा होतो. काय झालं ते मला विचारावं लागलं नाही.

मामा तिसऱ्या दिवशी घाटी रुग्णालयात वारले.

चौकशीला सरकारी अधिकारी आले. त्यांनी एकेकाला बोलावलं. प्रत्येक जण मामांबद्दल भरभरून बोलला, आणि काच धुणं बंद झालं होतं हे कुणी बोललं नाही. अधिकारी रजिस्टर उलटत म्हणाले, इथे तर सगळं ठीक लिहिलंय. मग मी सांगितलं. पोराने धुणं सोडलं ते, साहेबांनी बेताने म्हटलं ते, आणि मी तीन शनिवार सही केली तेही. मॅनेजरसाहेब म्हणाले, मी फक्त पाणी वाचवा म्हटलं होतं. तो तरुण बॉयलरवाला भिंतीशी उभा राहून रडत होता. अधिकाऱ्यांनी सगळं लिहून घेतलं. पण शेवटी अहवालात ठळक आलं ते एवढंच, की मृत कामगाराने खोट्या नोंदी केल्या. अक्षर त्यांचं होतं. त्यावर मी काय म्हणणार? त्यानंतर बरेच दिवस बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नसे.

मामांची बायको त्यांचा डबा आणि कपडे न्यायला आली. पदर घट्ट लपेटून माझ्या टेबलासमोर बसली. पाणी पुढे केलं, तर नको म्हणाली.

"तुम्हीच का मास्तर?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. "एक विचारू का? हितं कुणाशी वाकडं होतं का त्यांचं?"

"नाही. कुणाशीच नाही."

"मंग बरं," ती म्हणाली आणि उठली. मला वाटतं, घरून येताना ती तेवढंच ऐकायला आली होती. मी ते दिलं. खरंच होतं ते, आणि त्याहून वाईट काही मला ठाऊक नाही.

आता नवा बॉयलरवाला आहे. परभणीकडचा, कोरडा माणूस. कुणाच्या गुडघ्याची चौकशी करत नाही. त्याच्याबरोबर कुणी चहा घेत नाही, आणि मामांची सर नाही म्हणून लोक त्याच्यामागे बोलतात. पाऊस दोन वर्षांपासून बरा आहे, तरी तो पाण्यावरून भांडतो, कोळशावरून भांडतो, आणि नावं घालून लिहितो. परवाच्या शनिवारी त्याच्या रजिस्टरात माझं नाव होतं. कार्यालयातले मास्तर तक्रारीचे कागद वर पाठवायला चार दिवस लावतात, असं लाल शाईत.

मी ते दोनदा वाचलं. बरोबर होतं. मग पान उघडं ठेवूनच रजिस्टर उचललं आणि तसंच मॅनेजरसाहेबांकडे घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, सोमवारी नाही का चालणार? मी म्हणालो, नाही, आणि त्यांनी सही करेपर्यंत उभा राहिलो.