तिसऱ्या गाण्यातला माणूस

स्वतंत्र कलाकारांची नवी गाणी कुठली आली, कुठला अल्बम ऐकावा, कुठला सोडावा, हे मी एका छोट्या वेबसाइटवर दर शुक्रवारी लिहितो. टोपणनावाने. शाळेत कुणालाच ते ठाऊक नव्हतं. मी दिघीच्या पुढच्या एका शाळेत इतिहास शिकवतो आणि राहतो खाडीच्या अलीकडे, त्यामुळे रोज सकाळी आगरदांड्याहून फेरीबोट धरतो.

त्या आठवड्यात माझ्याकडे आठ नवे अल्बम साचले होते आणि सहामाहीचे पेपरही. मी पेपर तपासत तपासतच ऐकत होतो. त्यातला एक अल्बम कुणा अनोळखी कलाकाराचा होता, नावाच्या जागी नुसतं एक अक्षर. लाटा, इंजिनाची घरघर, साखळदंडाचा आवाज आणि त्यावर संथ सुरावट. तिसऱ्या गाण्यात एक पुरुष फोनवर बोलतो, "पेज प्यायलात ना? मी रविवारी येतो. येतोच. तुम्ही वाट बघत बसू नका, झोपा."

मी लिहिलं, की हा समुद्र एसी खोलीत बसून बनवलेला आहे. त्या पुरुषाबद्दल तर जास्तच झोडपलं. 'भाड्याने आणलेला नट रडवेपणाचा सराव करतोय, एक शब्द खरा वाटत नाही,' असं. वाक्य जमल्याचा मला आनंदही झाला होता.

तीनेक आठवड्यांनी बोटीवर आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या मॅडम माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. वर्षभरापूर्वी त्या रुजू झाल्या होत्या. माहेर मुरुडजवळ, नवरा कतारला. येता-जाता नमस्कार, पावसापाण्याच्या गप्पा, यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं.

"सर, तुमची माफी मागायचीय," त्या म्हणाल्या. "खूप दिवस धाडस होत नव्हतं."

"माफी? कशाबद्दल?"

त्यांनी पर्समधून इअरफोन काढून माझ्यापुढे धरले. "मी थोडं म्युझिक करते. घरी कुणाला माहीत नाही, नवऱ्याला सोडून. या बोटीवरचे आवाज मी फोनवर रेकॉर्ड करायची. त्यात एकदा तुम्ही आलात. तुम्हाला विचारायचं होतं, पण तेव्हाच कळलं की तुमचे वडील गेले. मग तोंडच उघडेना. आणि मी ते तसंच बाहेर काढलं. चुकलं माझं."

मी इअरफोन कानाला लावले. पहिल्या चार-पाच सेकंदांतच ते गाणं ओळखलं आणि कानशिलं तापली. म्हणजे तो अल्बम यांचा. मी ज्यांची खिल्ली उडवली होती त्या समोर उभ्या होत्या, ओढणी सावरत, माझ्याकडे अपराध्यासारखं बघत. तेवढ्यात तो पुरुष बोलायला लागला. "पेज प्यायलात ना?"

तो मी होतो.

मी इअरफोन ओढून काढले. बाबा अलिबागला भावाकडे होते, अंथरुणाला खिळलेले. रोज सकाळी याच बोटीवरून मी त्यांना फोन लावायचो, भाऊ तो त्यांच्या कानाशी धरायचा आणि त्यांना बोलवत नसल्याने उत्तरंही तोच द्यायचा. त्या रविवारी मी जाणार होतो. शनिवारी पहाटेच बाबा गेले. ते शेवटचं बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे असं मी सगळ्यांना सांगत असे. आणि तेच माझ्या कानावर पडलं तेव्हा मला वाटलं, नट आहे.

"सर, बरं वाटत नाही का?" मॅडम घाबरल्या. "बसा जरा."

बोट धक्क्याला लागली, मोटारसायकली उतरल्या, आम्ही शाळेत गेलो. त्या दिवशी मी नववीला काय शिकवलं ते आठवत नाही. शाळा सुटल्यावर कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो आणि त्यांना सांगितलं, "तुमच्या अल्बमवर शुक्रवारी जे छापून आलं, ते मी लिहिलंय."

त्या रागावतील, रडतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमचा आवाज तुम्हालाच खोटा वाटला?"

पेपर तपासत होतो, एकदाच ऐकलं, असलं काहीतरी पुटपुटलो.

"मी ते गाणं काढून टाकू का?" त्यांनी विचारलं.

मी चार दिवस मागून घेतले. अलिबागला जाऊन भावाला ते ऐकवलं, काहीही न सांगता. पहिल्याच शब्दाला त्याने मान वर केली. "हा तू हायस. बाबांशी बोलतोयस." मग त्याने डोळे पुसले आणि सांगितलं, की त्या दिवशी पेज बाबांनी घेतलीच नव्हती. 'प्यायलो म्हणून सांग त्याला, उगाच जिवाला घोर नको,' असं त्यांनीच खुणेने सांगितलं होतं. हे मला इतक्या महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं.

मी संपादकाला कळवून त्या परीक्षणाखाली माझ्या खऱ्या नावाने खुलासा टाकला. परीक्षण काढलं नाही. जे लिहिलं ते राहू दे म्हटलं. मॅडमना एका कागदावर लिहून दिलं, की गाणं आहे तसं राहावं, माझी हरकत नाही. त्यांनी तो नीट घडी करून फायलीत ठेवला.

पुढे महिनाभर त्या बोटीवर दुसऱ्या बाजूला उभ्या राहायच्या. मला ते बरोबरच वाटायचं. मग एका सोमवारी त्या जवळ आल्या, हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, "सर, ही जरा धरा. मी खाली इंजिनाजवळ रेकॉर्डिंग करून येते. आणि तोवर तुम्हाला फोन आला, तर प्लीज हळू बोला."