दामूने दिलेला ट्रम्पेट

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बँडमधल्या सोबत्यांना नाही. दरवर्षी नाताळाआधी चर्चमध्ये गुडघे टेकून पापनिवेदन करतो — तिथेही नाही. तिथे मी रागाचं सांगतो, आळसाचं सांगतो, शेजाऱ्याशी झालेल्या भांडणाचं सांगतो. हे एक तेवढं गिळतो आणि घरी येतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला जमेल असं वाटतंय. बघू.

आधी स्वभाव सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी संशयी माणूस आहे. वाडीत नारळ पडलेला दिसला नाही, की माझी नजर पहिल्यांदा शेजाऱ्याच्या कुंपणावर जाते. मोबाईल उशीखाली असतो आणि मी घरभर सगळ्यांच्या तोंडाकडे बघत फिरतो. बायको — फिलोमिना — म्हणते, तुमची चप्पल हरवली तरी तुम्ही पंचनामा कराल. ती हसून म्हणते. मीही हसायचो.

आम्ही वसईकडच्या वटार गावचे. बँड वडिलांनी उभा केला. लग्नं, चर्चचा सण, आणि मयत. आमच्याकडे मयताला घरापासून दफनभूमीपर्यंत बँड वाजवत नेतो. वडिलांमागे तीन वाद्यं माझ्याकडे आली — त्यांचा ट्रम्पेट, एक सॅक्सोफोन, आणि त्यांची काळ्या लाकडाची क्लॅरिनेट. ती क्लॅरिनेट मी लग्नात कधी काढली नाही. ती फक्त गावातल्या जवळच्या माणसाला पोचवताना.

आता आईची एक रीत. मयताला वाजवलेलं वाद्य ती घराचा उंबरा ओलांडू द्यायची नाही. सातव्या दिवसाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, होईपर्यंत ते बाहेर. बाहेर म्हणजे बावखलाच्या — वाडीतल्या तळ्याच्या — काठाला विहिरीवर पाण्याच्या मोटारीची खोली आहे, तिथे. वडील कुरकुरायचे, दमट हवेत लाकूड फुगतं म्हणायचे. आई दारात उभी राहायची आणि नुसती त्या खोलीकडे बोट दाखवायची. वडिलांनी ऐकलं, मग मी ऐकलं. तीसेक वर्षं मी मयतावरून आलो की पाय आपोआप तिकडे वळायचे.

पाच वर्षांपूर्वी, पाऊस नुकताच सरला होता, तेव्हा आई गेली. तिच्यापुढे मीच वाजवलं. लोक म्हणाले, कसं जमलं तुला? जमलं. दफन झालं, लोक घरी आले, चहा झाला, हात मिळवणं झालं. वाद्यं मी ओटीवर बाकावर ठेवली होती — हे मला लख्ख आठवत होतं. आजही आठवतं, म्हणजे बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाक रिकामा होता.

फिलोमिनाने पहिल्यांदा काय विचारलं माहीत आहे? "मोटारीच्या खोलीत बघितलंत का?"

मी म्हणालो, "बघितलं."

बघितलं नव्हतं. खोटं का बोललो? मला राग आला होता. आई जाऊन एक दिवस झालेला, चोरी झालेली, आणि ही मला वेंधळा ठरवते! बाकावर ठेवलेली वस्तू मोटारीच्या खोलीत चालत जाते काय? — असं काहीतरी डोक्यात होतं. आणि खरं सांगू का — तोवर माझ्या डोक्यात चोर ठरलासुद्धा होता.

दामू. कामणचा. तिथल्या गोदामांच्या मागे एका पत्र्याच्या गाळ्यात तो वाद्यं दुरुस्त करायचा. ट्रम्पेटच्या कळा, सॅक्सोफोनचे पॅड, पोचे काढणं, डाग देणं — वसई-विरारमधली निम्मी बँडवाली मंडळी त्याच्याकडे जायची. आईच्या मयताला तो आला होता, खांद्याला हत्यारांची पिशवी. आणि ओटीवर बसून त्याने वडिलांची क्लॅरिनेट हातात घेतली होती, फडक्याने पुसली होती. "मास्तर, असं लाकूड आता भेटत नाय," म्हणाला होता. एवढंच. हे वाक्य मी पुढे रात्र रात्र चघळलं. असं लाकूड भेटत नाही म्हणजे काय? पिशवी एवढी मोठी कशाला? मयताला कुणी हत्यारं घेऊन येतं का? — अहो, तो कामावरून तसाच निघाला होता. हे मला तेव्हाही सुचायला हरकत नव्हती.

मग मी मदत मागत सुटलो. वाद्यांचे फोटो गावाच्या ग्रुपवर टाकले. फादरांनी रविवारी मिस्सेनंतर सांगितलं, की आपल्या मास्तरांची वाद्यं चोरीला गेली आहेत, कुणाला काही कळलं तर कळवा. पापडीपासून अर्नाळ्यापर्यंत फोन झाले. मुंबईतल्या जुन्या वाद्यांच्या दुकानांत पोरं जाऊन बघून आली. माझ्यासाठी एवढी माणसं धावली — मला भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू. पोलीस ठाण्यात तक्रार देताना साहेबांनी विचारलं, कुणावर संशय? मी नाव सांगितलं. नाव, गाव, गाळा कुठे आहे तेही.

त्याला तीन दिवस ठाण्यात बोलावलं, बाकावर बसवून ठेवलं. तोवर आमच्याकडची दहा-बारा माणसं त्याच्या गाळ्यात गेली, आणि मी पुढे. त्याने अडवलं नाही. स्वतः कपाटं उघडून दिली. लोकांचे दुरुस्तीला आलेले ट्रम्पेट, बाजाच्या पेट्या, सगळं बाहेर काढलं आम्ही. त्याची बायको आतल्या दाराशी उभी होती. माझी वाद्यं नव्हती. तर मी काय म्हणालो? म्हणालो, "इथे कशाला ठेवील?"

माझ्या त्या एका वाक्याने त्याचा गाळा गेला. लोकांनी आपापली वाद्यं त्याच दिवशी उचलून नेली. कुणी पुन्हा आणली नाहीत.

सातव्या दिवसाची मिस्सा झाली. घरी आलो, कपडे बदलले, खिळ्यावरची किल्ली घेतली आणि मोटारीच्या खोलीकडे निघालो. का निघालो? कुणी सांगितलं नव्हतं. तीस वर्षांची सवय — मिस्सा झाली की वाद्यं घरात आणायची. अर्ध्या वाटेत थांबलो. तिथेच मला कळलं. दार उघडायच्या आधीच.

तिन्ही पेट्या होत्या. भिंतीला टेकवून, खाली गोणपाट — मी नेहमी घालतो तसं. त्या दिवशी दफनावरून आल्यावर, माणसं पांगल्यावर, माझ्याच हातांनी मी त्या तिथे नेऊन ठेवल्या होत्या. दारात बोट दाखवायला आई नव्हती, तरी नेल्या होत्या. पाऊस पडून गेलेला, वाडीला पाणी लागत नव्हतं, म्हणून आठवडाभर त्या खोलीकडे कुणी फिरकलं नव्हतं. आणि बायकोला मी सांगितलं होतं, बघितलं म्हणून.

चूक इथपर्यंत चूक होती. अजून वेळ होती. घराकडे शंभर पावलं चालत जायचं आणि म्हणायचं, अगं, सापडली. लोक हसले असते. फादर दामूची माफी मागायला माझ्याबरोबर आले असते. मी त्या खोलीत बसून बराच वेळ विचार केला — कसला? दामूचा नाही. ग्रुपवर लोक काय लिहितील याचा. ओटीवर बसून माझी चेष्टा कशी होईल याचा. मग खोलीतल्या जुन्या पत्र्याच्या ट्रंकेतले पाइपाचे तुकडे बाहेर काढले, पेट्या आत ठेवल्या, कुलूप लावलं. किल्ली माझ्या पाकिटात आहे. पोलिसांनी दामूला पुराव्याअभावी सोडलं, माझ्या सांगण्यावरून नाही. मी "तपास चालू आहे" असं सगळ्यांना सांगत राहिलो.

नाताळाच्या आठवड्यात दामू दारात आला. मला वाटलं, भांडायला आला. त्याने पिशवीतून ट्रम्पेट काढला. पुढचं कर्ण्यासारखं तोंड एका रंगाचं, नळ्या दुसऱ्या. पडून राहिलेल्या सुट्या भागांतून त्याने तो जोडला होता. म्हणाला, "मास्तर, जुना माल हाय, पन वाजंल. खिसमसला वाजवनारा मानूस हात बांधून बसला तं बरं दिसत नाय."

मी तो घेतला. दोन्ही हातांनी घेतला.

तो गेल्यावर शेजारचा इनास म्हणाला, चोराचं मन खातंय बघ. फिलोमिना माझ्याकडे बघत होती. मी मान डोलावली. हो, डोलावली. आणि त्याच संध्याकाळी माझ्या डोक्यात नवीन संशय शिरला, तो आजपर्यंत निघालेला नाही. दामूला ठाऊक आहे का? म्हणून तर नाही आणून दिला? मला लाजवायला? की खरंच त्याला माझी दया आली? एक भला माणूस नुसता भला असू शकतो, हे माझ्यासारख्याच्या गळी उतरतच नाही. फिलोमिनाला ठाऊक आहे का? तिने त्यानंतर मोटारीच्या खोलीचं नाव कधी काढलं नाही. का काढलं नाही?

दामू आता एका गोदामाच्या फाटकावर पहारेकरी आहे. गाळा बंदच. मी त्याच्याच ट्रम्पेटवर लग्नं वाजवतो, सण वाजवतो. वडिलांच्या क्लॅरिनेटला लांबीत चीर गेली आहे, मागच्या पावसाळ्यात ट्रंक उघडून बघितली.

गेल्या महिन्यात चर्चच्या सणाला तो आला होता. पहारेकऱ्याचा निळा गणवेश तसाच अंगावर. मिरवणूक संपेपर्यंत कडेला उभा राहून ऐकत होता. मी ट्रम्पेट पुसत होतो, तेव्हा जवळ आला आणि विचारलं, "मास्तर, मधली कळ अडकते का अजून? आना कधी, बघून देतो."

मी म्हणालो, "नाही. चांगली चालते."

ती अडकते.