चोवीस तासांची सही

माझी लेक उत्तरा आज जेवली, पण भाताचा घास कितीतरी वेळ तोंडात तसाच होता. आठ दिवस हेच चाललंय. आताही पलीकडच्या खोलीत ती कूस बदलतेय. काळजी काही केल्या मनातून जात नाही.

लहानपणी तिचे बाबा सायकलचं पंक्चर काढायचे, तेव्हा ट्यूब बादलीतल्या पाण्यात धरण्याचा मान हिचा. "बुडबुडा दिसला नाही म्हणून लगेच उठायचं नाही हं, उत्ते," ते म्हणायचे. पायाला मुंग्या येईपर्यंत ही बसून राहायची. ती दहावीत असताना ते गेले. मुलीला मेकॅनिकल कशाला, असं सगळे म्हणाले. हिने डिप्लोमा केला आणि बोरिवलीहून रोज मरोळच्या छोट्या कारखान्यात तपासनीस म्हणून जाऊ लागली.

यंदा जानेवारीत अमेरिकेचं यान सात माणसांसह आकाशात फुटलं. पेपरातला तो फोटो तिने डायरीत चिकटवला. हाती तसलंच काम होतं. दक्षिणेतल्या एका संस्थेत, माणसांना दूरच्या अंतराळात नेता येईल अशा यानाची नमुना-केबिन तयार होतेय. तिच्यातली हवा आत राखणारा व्हॉल्व्ह हिच्या कारखान्याचा. परवा सोमवारी दोन तरुण आत बसतील आणि केबिनभोवतालची हवा काढून घेतली जाईल. तो पाठवण्याआधी कारखान्यातल्या तपासणीत त्याने चोवीस तास दाब धरला तरच उत्तराने सही करायची.

ती तपासणी लावली तेव्हा गणेशचतुर्थीला दोन दिवस होते. सगळा कारखाना गावी निघालेला. तपासणीवर दुसरी सही ज्यांची लागायची ते फिटर लवूकाका पिशवी घेऊन तिच्यापुढे उभे.

"बाय, एसटी चुकली तर गणपती काय माझी वाट बघीत रवतलो?"

"काका, सहाच तास झालेत."

"दाबाचो काटो हललो? नाय ना? मगे!"

तिने मला फोन केला. मी करंज्यांच्या सारणात अडकलेले, वैतागून म्हणाले, "अगं, वर्षाचा सण त्यांचा. कर सही आणि ये घरी. मला हाताखाली कोणी नाही."

तिने सही केली. समोर चोवीस तास लिहिलं. शेजारी लवूकाकांची सही.

ती सही कशावरची होती, हे सगळं मला आज संध्याकाळी कळलं.

"तिथे पुन्हा तपासतील ना गं?"

"माझ्या सहीवर बसवतात, आई."

"मग कळव त्यांना."

"माझी नोकरी गेली तर जाऊ दे. काकांची निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत. त्यांची वाट लागेल ना."

तीनदा तिने रिसीव्हर उचलला, तीनदा ठेवला. चौथ्यांदा उचलेल म्हणून मी इथे वाट बघत बसलेय. नाही उचलत. बादलीशी तासन्‌तास बसणाऱ्या मुलीला मीच उठवलं होतं.

त्या दोन मुलांच्या आया कुठेतरी निवांत झोपल्या असतील.

तिच्या डायरीत त्या संस्थेतल्या मुख्य इंजिनिअरच्या घरचा नंबर आहे. अर्जंट ट्रंक कॉल बुक करते. लागला की 'कर सही' हे माझं त्या दिवशीचं बोलणं मी आधी सांगेन, मग रिसीव्हर तिच्या हातात देईन.