बंदूक ठाण्यातून घरी आली

मंडळी, निवडणूक आटोपली म्हणून आज ठाण्यात जमा केलेली आमची रायफल परत आणली. सव्वाशे वर्षांमागची, अमेरिकेतल्या घोडेस्वारांच्या जमान्यातली, लिव्हरवाली. माझ्या संग्रहात ही एकच खरी, बाकीच्या सगळ्या फोटोत.

हवालदार म्हणाले, "गोळ्या तर मिळत नाही, मग कायले ठेवता जी?" मी रजिस्टरवर सही केली अन् रायफल उचलली.

परतताना अड्याळ गावापर्यंत मले धानाच्या बांध्यांमधून घोडे धावताना दिसून राहिले होते.

घरी लिव्हर खाली-वर केला. खटक-खट.

आयुष्यभर विणकाम केलेल्या बाबांनी डोळे मिटले. "अजून एकदा कर."

खटक-खट. त्यांचा हात हवेतच मागाचा धोटा फेकून राहिला होता. हातमाग विकून आमाले सहा वर्षं झाली.

पुढच्या निवडणुकीले हवालदार पुन्हा विचारतील. काय सांगू त्यायले?