अपडेट आणि विरजण

ब्लॉगची नवी आवृत्ती चढताना पडद्यावरची निळी पट्टी अर्ध्यावरच थांबली. माझ्या पहिल्या लेखाखाली बाबांनी एका बोटाने टाइप केलेला अभिप्राय होता आणि त्याची प्रत मी ठेवली नव्हती. मी पुन्हा पुन्हा पान उघडून बघत होते. शेजारी आई दुधाला विरजण लावत होती.

"अगं, किती वेळा बघशील? झाकण काढत राहिलं तर दही लागतं का कधी?"

मी हात मागे घेतला. घरातली पहिलीच मी कॉलेजात गेले, तेव्हा आईबाबांनीही असाच धीर धरला असेल का?

थोड्या वेळाने ब्लॉग उघडला. रंग बदलले होते, अक्षरं मोठी झाली होती. लेखाखाली बाबा मात्र तसेच होते : "वाचलं. वेळेवर जेवत जा."